आगबोटीत चढण्याआधी

मागच्या महिन्यात मालवण तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत निरोपाचा कार्यक्रम होता. वाडीतला पोरगा चार वर्षांसाठी विलायतेला चाललाय, पीएच.डी. करायला. बाप रापणीला जायचा, नंतर चिऱ्याच्या खाणीत गेला. आई काजूच्या कारखान्यात. विहारापुढं मांडव घातला, वंदना झाली, हार झाले, भाषणं झाली. जो उठला त्यानं चित्र रंगवलं. एक म्हणाला, हा दुसरा आंबेडकर होऊन येणार. दुसरा म्हणाला, तिथं जात नाही, तिथं माणसाला माणूस म्हणतात. तिसऱ्यानं तर चार वर्षांनी वाडीत काय काय होणार याची यादीच वाचली. लायब्ररी, वसतिगृह, पाण्याची टाकी.

सगळं झाल्यावर पोराची आई मागच्या बाजूनं उठली. तिला कुणी बोल म्हटलं नव्हतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, थंय ह्येका जात कोण इचारूचो नाय मां? आनि परत इल्यावर ह्यो आमच्यात बसतलो मां?"

मी तेव्हा म्हणालो, "काकी, सगळा बरा जातला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण वाटेनं येताना मला माझीच लाज वाटली. बाईनं दोन खरे सवाल केले आणि मी तिला फुगा दिला. ह्या दोन सवालांना इतिहास आहे. तो मांडावा म्हणून हा लेख.

मित्रांनो, आपल्याला शिकवला जातो तो पोचलेल्यांचा इतिहास. कोण कुठं गेला, कुठली पदवी घेतली, कुठं पुतळा झाला. निघण्याच्या आदल्या रात्रीचा इतिहास कुणी शिकवत नाही. त्या रात्री माणसाच्या डोक्यात काय असतं? तिथं कसं होईल, काय खायला मिळेल, किती वर्षं, परत कसा येईन, कोण होऊन येईन. हे चित्र तो एकटा रंगवत नाही. त्याला पाठवणारा रंगवतो, त्याच्याकडून सही घेणारा रंगवतो, मागं राहणारा रंगवतो. ज्याच्या हातात कागद, त्याचं चित्र ठळक.

आपल्या किनाऱ्यावरनं असे तीन कागद घेऊन माणसं गेली. पहिला गिरमिट. दुसरा पलटणीचा. तिसरा शिष्यवृत्तीचा.

पहिल्या कागदाचं बघू. आज ज्याला सिंधुदुर्ग म्हणतो तो जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि सावंतवाडीचं संस्थान वेगळं होतं. १८३० च्या दशकात इंग्रजांनी त्यांच्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानं बंद केली. मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर पाहिजे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून ३६ मजुरांची पहिली तुकडी तिथं उतरली. पुढं मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, आणि त्यांतनं रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसं गेली. कुळं गेली, गावकीत पिचलेले गेले, आपलेही गेले. कागदावर पाच वर्षांचा करार. महिन्याला साधारण पाच रुपये, वर शिधा. इंग्रजी अ‍ॅग्रीमेंटचं आपल्या माणसांनी गिरमिट केलं. शब्द मोडला तरी कागद मोडता येईना.

जाणाऱ्यांनी काय चित्र रंगवलं होतं? मॉरिशसमधे गिरमिट्यांची नातवंडं-पणतवंडं आजही एक गोष्ट सांगतात : भरती करणारे म्हणायचे, तिथं दगड उलटला की खाली सोनं सापडतं. आजोबांनी दगड उलटले. खाली सोनं नव्हतं, वर ऊस लावायचा होता. एक दिवस कामाला गेलं नाही की दोन दिवसांची मजुरी कापत. परतीचं भाडं मालक देईल असं आधी कबूल केलेलं, ते १८५० च्या दशकापर्यंत काढून टाकलं. म्हणजे पाच वर्षांचं चित्र रंगवून गेलेला माणूस आयुष्यभर तिथला झाला.

आणि एक ध्यानात ठेवा. मॉरिशसला उतरलेल्या मजुराची नोंद व्हायची : नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, आणि जात. दर्या ओलांडला, तरी जात रजिस्टरात त्याच्याबरोबर उतरली. काकीच्या पहिल्या सवालाचं उत्तर पोर्ट लुईच्या धक्क्यावर तेव्हाच लिहून ठेवलंय. पण तिथल्या मराठी माणसांनी जाखडी राखली, गणपती राखला, भाषा राखली. निघताना जे त्यांनी रंगवलं नव्हतं ते त्यांनी तिथं घडवलं. हेही विसरायचं नाही.

दुसरा कागद पलटणीचा. वरच्या जातींना दर्या ओलांडला की धर्म बुडायची भीती. बंगालच्या पलटणीतले शिपाई समुद्रापार जायला नाही म्हणायचे. मुंबई फौजेत महार होते. त्यांना दर्याची कसली भीती? ज्याला गावच्या विहिरीचं पाणी बंद त्याला काळ्या पाण्याचा विटाळ कोण सांगणार! १८५६-५७ ला इराण, १८६७-६८ ला अ‍ॅबिसिनिया, मुंबई फौज समुद्रापार गेली. पलटणीतल्या माणसाला लिहायला-वाचायला मिळालं, पेन्शन मिळाली, अंगावर वर्दी आली. दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्ती झाली. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी पलटणीत, वडील रामजी सुभेदार. रमाईचं वणंद त्याच दापोलीजवळ. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगडाकडं. तेव्हा मालवण नि मंडणगड एकाच जिल्ह्यात होते.

ह्या शिपायांनी कोणतं चित्र रंगवलं असणार ते त्यांच्या अर्जांवरनं कळतं : इमानानं लढलो तर सरकार आम्हाला माणूस म्हणेल. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं लढाऊ जातींचं खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतले पेन्शनर. त्यांनी अर्ज लिहिला, दारं ठोठावली. १९१७ ला लढाईसाठी माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो. कागद देणाऱ्याच्या चित्रात आपण किती दिवस असतो ते ह्या तारखांत वाचा.

आता तिसरा कागद. इथं नीट थांबू. कारण "दुसरा आंबेडकर" म्हणणाऱ्या आपल्या वक्त्यांनी हा कागद वाचलेला नसतो.

२ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार रामजी वारले. भीमराव बी.ए. झालेले, बडोद्याच्या नोकरीवर नुकतेच रुजू झालेले, वडील गेले म्हणून मुंबईला आलेले. यशवंत डिसेंबर १९१२ चा, म्हणजे तान्हा. सयाजीराव गायकवाड तेव्हा काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायच्या विचारात होते. ४ जून १९१३ ला बडोद्यात करारावर सही झाली. महिन्याला साडेअकरा पौंड. मुदत तीन वर्षं, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. ठरवून दिलेला अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

हे संस्थानचं चित्र : तीन वर्षं तिकडं, दहा वर्षं इकडं, एक शिकलेला नोकर तयार. सयाजीराव काळाच्या पुढचे राजे होते, त्यांचं ऋण नाकारायचं कारण नाही. पण करार म्हणजे करार. त्यात रमाईचं नाव नाही. तीन वर्षं चूल कशी पेटायची त्याचं कलम नाही. बाबासाहेब त्या साडेअकरा पौंडांतनंच पोट मारून घरी पैसे पाठवायचे.

जुलै १९१३ ला ते न्यूयॉर्कला पोचले. पोचल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. त्यात मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. बघा, बावीस वर्षांचा माणूस, नव्या मुलखात, आणि त्याच्या डोक्यात मागं राहिलेल्या वाड्यांतल्या पोरी. संस्थानच्या चित्रात हे नव्हतं. हे त्यांनी स्वतः रंगवलेलं चित्र होतं.

कोलंबियात त्यांनी अभ्यासक्रम घेतले ते मोजा : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच नि जर्मनची ओळख. नोकरीपुरतं शिकणारा माणूस असं शिकत नाही. १९१५ ला एम.ए. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर ह्यांच्या सेमिनारात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. ज्या जातीनं त्यांना गोरेगावच्या वाटेवर पोरपणी तहानेलं ठेवलं, तिची चिरफाड त्यांनी न्यूयॉर्कच्या टेबलावर केली.

मग तीन वर्षं संपली. इथून पुढं करारातलं एक कलमही जसंच्या तसं घडलं नाही. पुन्हा मोजा.

एक : ऑक्टोबर १९१६ ला ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधे नाव घातलं, ग्रेज इनमधे नाव घातलं. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ ला अर्धवट सोडून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊ द्यावं एवढी परवानगी हातात.

दोन : महायुद्ध चालू. ते एका बोटीनं आले, सामान दुसऱ्या बोटीनं. सामानाची बोट पाणतीरानं बुडाली. काही वर्षांची पुस्तकं, टिपणं समुद्राच्या तळाला. नुकसानभरपाई मिळाली, त्या पैशानं बडोद्याला जाण्याची सोय झाली.

तीन : दहा वर्षांची नोकरी. सप्टेंबर १९१७ ला बडोद्याला गेले. राहायला खोली कुणी देईना. पारशाच्या उतारशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. कामाठी बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई. दहा वर्षांच्या कलमाचा हा शेवट.

चार : सिडनहॅम कॉलेजात मास्तरकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्रानं पाच हजार कर्ज दिलं. एका पारशी उतारशाळेनं हाकललं, एका पारशी मित्रानं पैसे दिले. दोन्ही लिहून ठेवायचं. जुलै १९२० ला पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी.

पाच : कोलंबियाची पीएच.डी. हातात पडली ती १९२७ ला. तीन वर्षांसाठी निघालेल्या माणसाचा हिशोब चौदा वर्षांनी पुरा झाला.

कुठली पदवी कधी, एवढं पाठ करून आपण थांबतो. पण ह्या हिशोबातला सगळ्यात मोठा धडा पदव्यांत नाही. बाबासाहेबांनी पुढं आपल्या आठवणी लिहिल्या, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावानं त्या ओळखल्या जातात. त्यात ते बडोद्याचा प्रसंग सांगताना म्हणतात, की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातनं पुसून गेली होती. स्टेशनावर उतरल्यावर सवाल पडला, जायचं कुठं?

ह्यावर विचार करा. एवढा हुशार माणूस. परदेशी काय शिकायचं हे त्यानं ठरवलं आणि तसं शिकला. परदेशाचं चित्र जवळपास बरोबर निघालं. चुकलं ते परतण्याचं चित्र. न्यूयॉर्कला राहायला खोली मिळाली, बडोद्याला मिळाली नाही. आपण निघताना तिकडची चिंता करतो : थंडी, भाषा, जेवण. खरा खड्डा घरच्या वाटेवर असतो. माणूस बदलून येतो, गाव होतं तिथंच असतं.

पण हाच खड्डा बाबासाहेबांनी कामाला लावला. पुसून गेलेली जाणीव परत आली ती साधी लाज होऊन आली नाही, तिचा हिशोब होऊन आली. १९२० ला मूकनायक, १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ ला महाड. १९३७ ला कोकणातली खोती मोडायचं बिल. आपल्या कोकणातल्या कुळाचा फास कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस हा अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतलेला माणूस होता.

आता काकीच्या पहिल्या सवालाकडं परत. "तिथं जात नाही" म्हणणाऱ्यानं दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९१३ ची अमेरिका काळ्या माणसाला स्वर्ग नव्हती. कोलंबियाला लागून हार्लेम. त्याच वर्षी विल्सनच्या सरकारनं वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्यांची टेबलं वेगळी करायला घेतली. बाबासाहेबांनी ते विसरलं नाही. १९४६ ला त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून निग्रोंनी युनोकडं दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर नाव घेतलं ते हवेतनं आलं नाही.

दुसरी गोष्ट आजची. आपल्या देशातली सवर्ण माणसं परदेशी गेली आणि बॅगेत जात घेऊन गेली. नाहीतर फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा का करावा लागला असता? त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं असंच बिल मंजूर केलं, गव्हर्नरनं ऑक्टोबरात ते परत पाठवलं. तेव्हा, काकी, जात विचारणारा तिथंही भेटेल. गोरा बहुतेक विचारणार नाही, आपलाच देशवाला आडनाव विचारील, मग गाव विचारील, मग बापाचा धंदा.

कागदाचाही पुढचा इतिहास बघा, कारण आज तो कागद आपल्या पोरांच्या हातात आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले आणि १९४२ ला त्यांनी दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला सरकारनं दरसाल पैसे द्यावेत ही मागणी होती. स्वतःला राजाच्या दारात उभं राहावं लागलं. पुढच्या पोराला राजा शोधायला लागू नये, हा त्यातला अर्थ. दान गेलं आणि हक्क आला. केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू झाली. महाराष्ट्रानं २००३ ला राजर्षी शाहूंच्या नावानं आपली शिष्यवृत्ती काढली.

आणि मग २०२२. केंद्राच्या नव्या नियमांत लिहून आलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताच्या समाजाचा अभ्यास ह्या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे १९१६ चा तो जातीवरचा निबंध आज कुणाला लिहायचा असेल तर ह्या पैशानं लिहिता येणार नाही! पोरानं यंत्र शिकावं, पैसा शिकावं, जात शिकू नये. २०२५ च्या जुलैला तर निवडलेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच आधी पत्रं गेली, बाकीच्यांना निधीची वाट बघा म्हणून सांगितलं. कागद देणारा अजूनही आपलंच चित्र आपल्यावर रंगवतोय. १९१३ ला कलमात नोकरी होती, आता कलमात विषय आहे.

म्हणून साथींनो, निरोपाच्या मांडवात आपण काय बोलतो ते तपासा. आपणही त्या पोराकडून सही घेतो. लायब्ररी, वसतिगृह, टाकी, दुसरा आंबेडकर. बडोद्यानं दहा वर्षं मागितली होती, आपण जन्म मागतो. त्याला तिथं एखाद्या पेपरात नापास व्हायची मुभा नाही, थंडीत एकटं रडायची मुभा नाही, मुदत वाढायची मुभा नाही. आपला बाप तीनाचा चौदा करून आला हे त्याला कुणी सांगत नाही. ते सांगितलं तर त्याला बळ येईल. फक्त पुतळा दाखवला तर त्याचं ओझं होईल.

ऋण आहे, मी नाकारत नाही. पण ऋण एकट्या पोराचं नसतं, वाडीचंही असतं. चार वर्षं त्याच्या आईबापाला दवाखाना कोण दाखवणार? काजूच्या कारखान्यात बाईला मजुरी कमी दिली तर कोण बोलणार? त्याच्या धाकट्या बहिणीची बारावी कोण बघणार? बाबासाहेबांच्या पहिल्याच पत्रात मुलींचं शिक्षण होतं, आपल्या यादीत पाण्याची टाकी होती, ती पोरगी नव्हती.

हा लेख लिहिण्याआधी मी परत त्या वाडीत गेलो. काकी अंगणात आमसुलं पसरत होती. म्हटलं, काकी, त्या दिवशी मी खोटं बोललो. जात इचारणारे थंयही असतील. आणि तो बदलून येणार, त्याला वाडी बारकी वाटणार, तुमची भाकरी कोरडी वाटणार, काही दिवस तो तुमच्यात बसणार नाही. तेव्हा त्याला बडोद्यासारखं हाकलू नका. त्याला वेळ द्या.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्या आदीच सांगूचा होता. मिया आपली चार वर्सांचीच वाट मोजी होतंय."

पोराला मी त्या हिशोबाचा कागद लिहून दिला : १९१३, १९१६, १९१७, १९२०, १९२३, १९२७. त्यानं तो पासपोर्टात ठेवला. बहिणीच्या बारावीची फी वाडीनं वर्गणीतनं भरली. विहाराच्या वहीत त्याची नोंद आहे, कुणालाही बघता येईल.